गाठ दुसऱ्याच्या हातची

प्रथम माफी मागतो. मराठी लिहायला शिकून मला फार काळ झालेला नाही. घरी आम्ही जे बोलतो त्याला मराठी म्हणतात, हेही मला बराच काळ माहीत नव्हतं; आम्ही त्याला नुसतं 'आमचं बोलणं' म्हणत असू. शाळा तमिळमध्ये झाली, कॉलेज तमिळ आणि इंग्रजीत चाललं आहे. ज्यांच्या घरी आजा-पणजापासून या भाषेतली पुस्तकं आहेत, त्यांच्यापुढे मी काही लिहावं हा आगाऊपणाच आहे. शिवाय आमच्या लोकांबद्दल सांगायचं तर आमच्यातली म्हातारी माणसं माझ्याहून कितीतरी जास्त जाणतात. पण त्यांना लिहिता येत नाही, आणि मला जेमतेम येतं. ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांच्यातलं एक माणूस सोडलं तर बाकी कोणी हे वाचू शकणार नाही. तरीही लिहून ठेवावंसं वाटलं. चुकलं तर ती चूक माझी समजावी.

आम्ही चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे. बकऱ्याचं कातडं इतकं घासायचं की पलीकडचा दिवा दिसावा. मग त्यावर चित्र काढायचं, कापायचं, आरीने बारीक भोकं पाडायची आणि रंगवायचं. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून बाहुली पडद्याला टेकवली की तिची रंगीत सावली पुढे बसलेल्यांना दिसते. देव असतात, राक्षस असतात, माकडं असतात, आणि मधूनमधून लोकांना हसवायला एक टकलू आणि त्याचा ढेरपोट्या मित्र. सगळ्या पुरुषांचे आवाज माझे वडील काढतात. त्यांना आम्ही बा म्हणतो. बायकांचे आवाज आणि हार्मोनियम आईकडे. गाणंही पूर्वी तीच गायची, पण तिला दम लागायला लागल्यापासून माझी धाकटी बहीण गाते. मी बाहुल्या हातात देतो आणि परत घेतो. मला सूर नाही, हे सगळ्यांनी लवकरच मान्य केलं.

खेळ तमिळमध्ये होतो. देव तमिळ बोलतात, राक्षसही तमिळ बोलतात. मराठी फक्त पडद्यामागे. 'माकड दे', 'त्याचा हात तुटला, दोरा आण', 'पुढे पोरं झोपली, लढाई लवकर घे' हे सगळं आमच्या बोलण्यात, हळू आवाजात, दोन तमिळ वाक्यांच्या मधल्या फटीत. आमचे पूर्वज मराठा राजांच्या काळात तंजावरकडे आले असं सांगतात. राजाने बोलावलं म्हणून आले की सैन्यामागून पोटासाठी आले, यावरून आमच्यातले दोन म्हातारे अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. इतरांकडे आहे की नाही ते मला खात्रीने सांगता येणार नाही. पोंगल झाल्यावर, भाताची कापणी आटोपली की, आमचा हंगाम सुरू होतो, आणि उन्हाळ्यातल्या देवळांच्या जत्रा संपल्या की तो संपतो. शेवटचा खेळ दरवर्षी एकाच गावात होतो. ओरत्तनाडूच्या पुढे, कालव्याच्या शेपटाला असलेलं ते गाव आहे. कावेरीचं पाणी सगळ्यांना मिळून उरलं तर त्यांना मिळतं. शेवटचा खेळ झाला की बाहुल्यांचा पेटारा काथ्याच्या दोरीने बांधतात, आणि ती गाठ आम्ही मारत नाही. त्या गावातलं वडीलधारं माणूस मारतं. पुढच्या वर्षी तीच माणसं ती सोडतात, आणि गाठ सुटली की करावाच लागणारा वर्षाचा पहिला खेळ त्यांचा. मधले महिने पेटारा आमच्या घरात असतो, पण उघडायचा हक्क आमच्याकडे नसतो. पहिला खेळ आपल्याकडे झाला की पाणी शेपटापर्यंत येतं अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. आम्ही ती खोटी आहे असंही म्हणत नाही आणि खरी आहे असंही छातीठोकपणे सांगत नाही.

बंद महिन्यांत बा मोपेडवर प्लास्टिकच्या घागरी आणि टब विकतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका सुट्टीत मी त्याच्याबरोबर फिरत होतो. राजवाड्यामागच्या एका गल्लीत, जाळीच्या दारामागे एक वयस्क बाई उभ्या होत्या. बाने तमिळमध्ये भाव सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा बा माझ्याकडे वळून आमच्या बोलण्यात पुटपुटला, "ही काही घेत नाही रे, चल."

जाळीच्या आतून आवाज आला, "घेत नाही म्हणून कोणी सांगितलं तुम्हांस?"

बाच्या हातातली घागर तशीच राहिली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच पडद्यासमोरच्या माणसाला पडद्यामागचं ऐकू गेलं होतं.

त्या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांनी दोन घागरी घेतल्या, आम्हांला ताक दिलं, आणि मी काय शिकतो ते विचारलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, हे बाने मी सांगायच्या आधीच सांगून टाकलं. मग त्यांनी मला विचारलं की आपली लिपी येते का. 'आपली' म्हणजे कोणती, हे मला विचारावं लागलं. त्यांची स्वतःची मुलं परदेशात आहेत, नातवंडांना मराठी समजतं पण बोलता येत नाही, वाचायचा तर प्रश्नच नाही. दर रविवारी ये, त्या म्हणाल्या. मी जायला लागलो. भुईवर बसलो तर रागवायच्या. "बाकावर बैस. अक्षर वाकडं येतं भुईवर बसलं की." मी त्यांना बाईच म्हणतो. हे वाचू शकणारं ते एकच माणूस.

काही महिन्यांनी त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील ओरत्तनाडूला सरकारी नोकरीत होते. जवळच बाहुल्यांचा खेळ आला होता, पण चांगल्या घरच्या मुलींनी तिथे जायचं नाही असं ठरलेलं. म्हणून त्या गच्चीवर गेल्या. गच्ची पडद्याच्या मागच्या बाजूला होती. सगळं गाव पुढून सावल्या पाहत होतं, आणि त्या एकट्या मागून माणसं पाहत होत्या. एक बाई मांडीवर मूल घेऊन राणीच्या आवाजात रडत होती, आणि रडता रडता नवऱ्याला मराठीत म्हणत होती, सरक, माझा पाय दबला. धावत खाली येऊन त्यांनी आईला सांगितलं की ती आपली माणसं आहेत. आई म्हणाली, भाषा आपली असेल, माणसं आपली नव्हेत.

एवढं सांगून बाईंनी मला पुन्हा 'क्ष' काढायला लावला. त्यांनी ते मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सांगितलं, म्हणून त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसला.

आता मुख्य गोष्ट. माझी बहीण बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. एका नर्सिंग कॉलेजात जागाही मिळाली, पण ती आमच्या जमातीच्या राखीव जागेतून. त्यासाठी जमातीचा दाखला हवा, तोही महिनाअखेरीच्या आत. दाखला नसेल तर जागा दुसऱ्याला. मला शाळेतल्या एका सरांच्या ओळखीने दाखल्याशिवाय साध्या कोर्सला प्रवेश मिळून गेला होता, त्यामुळे आमच्या घरी दाखला असा कधी काढलाच नव्हता. बाकडे नाही, आईकडे नाही.

अडचण अशी की आमची कागदावर कुठे मुळं नाहीत. मी पापनाशमजवळ जन्मलो, कारण त्या आठवड्यात खेळ तिथे होता. बहीण दुसऱ्या तालुक्यात जन्मली, बा तिसऱ्याच जिल्ह्यात. पहिला अर्ज याच कारणाने चौकशीसाठी थांबला. मग महसूल खात्यातल्या एक अधिकारी बाई चौकशीला आमच्या वस्तीवर आल्या. तंजावरच्या बाहेर, कालव्याच्या काठाला, झापांची आणि पत्र्याची घरं आहेत, तिथे. त्या काही वाईट नव्हत्या. उन्हातून आल्या होत्या, तरी आधी आईची तब्येत विचारली. मग बाला विचारलं, मूळ गाव कोणतं.

बाने सरळ बसून उत्तर द्यायला सुरुवात केली. त्याने पहिलं ओरत्तनाडूच्या पुढचं गाव सांगितलं. मग कालव्याच्या काठाकाठाने येणारी गावं, मग पापनाशमकडची, मग नदीच्या पलीकडची. प्रत्येक गावाबरोबर तिथलं देऊळ, आणि तिथे तांदूळ कोण देतं ते. अधिकारी बाई आधी लिहून घेत होत्या, मग त्यांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, म्हणजे ही सगळी तुमची गावं? बा म्हणाला, हो. मग इथे कालव्यावर राहता ते?

"हे आमचं गाव नव्हे, अम्मा," बा म्हणाला. "इथे आम्ही राहतो फक्त. खेळ कुठे करतो इथे?"

मी डोक्याला हात लावला. पण बा काही वेडं बोलत नव्हता. आमच्यात कोणालाही विचारलं तर तो हेच सांगेल. जिथे माणसं तुमची वाट पाहतात ते गाव. जिथे तुम्ही झोपता, ती नुसती जागा.

अधिकारी बाईंनी शांतपणे पुढचं विचारलं. अर्जात बाहुल्यांचा खेळ लिहिला आहे, तर बाहुल्या दाखवा, फोटो काढून अहवालाला जोडते. बा म्हणाला की पेटारा बंद आहे. मग उघडा, त्या म्हणाल्या. गाठ आमच्या हातची नाही, बा म्हणाला. त्याने रीत समजावून सांगितली, पण ऐकणाऱ्याला ती टाळाटाळच वाटणार. त्या म्हणाल्या, आम्ही अमुक जमातीचे असं सांगणारे पुष्कळ येतात. मला पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा येते, तेवढं तुमच्यासाठी करू शकते.

त्या गेल्या. बहीण चुलीपाशी बसली होती. ती कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "खेळ तुमचा, गाठ त्यांची, आणि अडकले मी."

मी बाला सुचवलं की दोरी सोडू या, फोटो झाले की तशीच गाठ मारू, मला येते. बाने रागाने पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाला, "तुला येत असेल. पोंगलला त्यांनी सोडायला हात लावला, मग त्यांना काय सांगशील?"

तेव्हा गावाला विचारायचं ठरलं. पण बा स्वतः जाऊ शकत नव्हता. आमचा माणूस पेटाऱ्याशिवाय, हंगाम नसताना गावात आला, तर घरात कोणीतरी गेलं असं समजतात. कर्त्या माणसाने तसं जाणं तर अगदीच अशुभ, म्हणून मी गेलो. ओरत्तनाडूपर्यंत बस, पुढे मिनीबस, मग कालव्याच्या बांधावरून पायी. पाणी नुकतंच पोचलं होतं आणि लावणीसाठी रोपांच्या जुड्या बांधणं चालू होतं. कालव्यात भांडी घासणाऱ्या एका बाईने मला ओळखलं. भांडं हातातच धरून तिने हळूच विचारलं, "कोण? आई की बाप?" दोघंही बरी आहेत हे सांगेपर्यंत आणखी दोघी पदर डोळ्यांना लावून तयार झाल्या होत्या. कोणी मेलं नाही हे कळल्यावर त्यांनी मला चांगलंच झापलं.

गाठ मारणारे आजोबा बांधावर बसून जुड्यांवर लक्ष ठेवत होते. त्यांना मी तात्ता म्हणतो. तमिळमध्ये आजोबांना तसं म्हणतात. ते बाला राव म्हणतात आणि मला चिन्न राव, म्हणजे छोटा राव. मी सगळं सांगितलं. ते उठून देवळाकडे चालू लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मंडळी देवळाच्या सावलीत जमली आणि मला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

सोपं गेलं असं म्हणणार नाही. एकाने विचारलं, आता कुठे पाणी आलंय, मध्येच गाठ सोडली आणि पाणी थांबलं तर? दुसरा म्हणाला, पोर सुया टोचायला शहरात गेली तर गाणार कोण, रावची बायको? तिला तर हार्मोनियमची भातीच जास्त श्वास घेते. सगळे हसले, मीही हसलो. मग तोच म्हणाला, "हा कॉलेजात, ती दवाखान्यात. म्हणजे आपणच आपल्या हाताने खेळ बंद करायचा, असं हा विचारायला आलाय."

ते खरंच होतं. मी मान खाली घातली. दाखला मिळाला तर बहीण जाणार, आणि ती गेली की पडद्यामागून गाणं जाणार. मला हे माहीत होतं, बाला माहीत होतं, पण आमच्या घरी ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं. गावाने दाखवलं. आणि एकदा ते बोलल्यावर मला तिथून उठून जावंसं वाटलं, कारण त्यांच्याकडे मी जे मागत होतो ते त्यांनी का द्यावं हे मलाच सांगता येत नव्हतं.

खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "पहिला खेळ आपला ना?"

आपला, लोक म्हणाले.

"मग आपण तो पोरीला देऊ. आपलाच आहे, कोणाला विचारायचंय?"

यावरही थोडी कुरबूर झाली. पाण्याची काळजी असलेला माणूस शेवटपर्यंत तयार नव्हता, आणि त्याच्यावर माझा राग नाही. त्याचं शेत अगदी टोकाला आहे. पण तात्तांनी मला कोणत्या वारी यायचं ते विचारलं, तेव्हा निकाल लागल्याचं मला कळलं. मिनीबस सुटताना तोच काळजीवाला माणूस धावत आला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर एक पिशवी टाकून गेला. तिच्यात देवळातल्या दिव्याचं तेल होतं. पहिल्या खेळाचं तेल नेहमी त्या गावचं असतं, ते मी विसरलो होतो.

ठरल्या दिवशी अधिकारी बाई चार वाजता आल्या. तात्ता त्यांच्या आधीच मुलाच्या मोपेडवर मागे बसून, धुतलेली वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं पांढरं धोतर, नेसून आले होते. मला शिकवणाऱ्या बाईंनाही मी सांगितलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं, पण त्या रिक्षाने आल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. पेटारा अंगणात आणला. कापूर लावला. तात्तांनी गाठीला हात घातला. दमट हवेने काथ्या आवळून बसला होता. कोणीतरी कोयता पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. बराच वेळ खटपट केल्यावर म्हणाले, "दात असते तर केव्हाच सोडली असती." शेवटी त्यांचा अंगठा आत शिरला आणि दोरी सैल झाली.

बाहुल्या क्रमाने बाहेर आल्या. आधी देव, मग ऋषी, मग राजे. त्यानंतर मध्ये घातलेली चटई आणि तिच्याखाली दहा तोंडांचा राजा, कारण तो आणि देव एकमेकांना लागून ठेवत नाहीत. अधिकारी बाईंनी फोटो काढले आणि आता पुरे म्हणाल्या. बा म्हणाला, "अम्मा, उघडलंय, आता खेळ करावा लागेल." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बरोबरच्या शिपायाकडे पाहिलं, आणि थोडा वेळ बसते म्हणाल्या.

दिवेलागणीला पडदा बांधला. वस्तीतली माणसं जमली, कालव्यापलीकडचीही आली. मी पडद्यामागे होतो, त्यामुळे पुढचं दिसलं नाही, पण तात्ता आणि अधिकारी बाई पडद्याला अगदी लागून बसले होते. मध्ये कापडच काय ते. बहिणीने गायला सुरुवात केली. ती त्या दिवशी फार चांगली गायली, किंवा हे आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही असं धरून मी ऐकत होतो म्हणून तसं वाटलं असेल. थोड्या वेळाने पुढची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि शिकवणाऱ्या बाई वाकून पडद्याच्या मागे आल्या. मला म्हणाल्या, "मला इकडूनच पाहण्याची सवय." आईने हार्मोनियम वाजवता वाजवताच त्यांना बसायला पोतं सरकवलं.

लढाई सुरू झाली. आई बहिणीला म्हणाली, "दिव्यात तेल घाल गे, राजा काळा पडला." बहिणीचा सूर चालू होता, टाळांमुळे तिला हात मोकळा नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी बुधला उचलला आणि तेल घातलं.

पडद्यापलीकडे अधिकारी बाईंनी तात्तांना विचारलं, आत काय म्हणाली ती?

"तेल मागितलं."

तुम्हांला ही भाषा येते?

"तेवढीच येते." तात्ता हसले. मग म्हणाले, "आम्ही लहान असताना आम्हांला वाटायचं, देव आमच्याशी तमिळ बोलतात आणि आपसात ही भाषा बोलतात."

किती वर्षं ऐकताय?

"मला दात नव्हते तेव्हापासून. आता परत नाहीत."

बा त्या वेळी राक्षसाच्या आवाजात गर्जत होता. मध्येच थांबला. एक श्वास जास्त घेतला आणि मग पुन्हा गर्जला. पुढे बसलेल्यांना ते लढाईतलंच वाटलं असणार.

खेळ संपल्यावर अधिकारी बाईंनी बहिणीला जवळ बोलावून दोन-चार प्रश्न विचारले. तात्तांचं नाव-गाव लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या की अहवाल मी पाठवीन, पण निर्णय वरचे देतात, वेळेत होईल असं मी सांगू शकत नाही. तात्तांनी पेटारा पुन्हा बांधला. गाठ मारताना पाण्याचं काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. जेवायला थांबा म्हटलं तर लावणीची माणसं सकाळी लवकर येतात म्हणून निघाले. मोपेडवर बसताना बाला म्हणाले, "राव, पोरगी गेली की तूच गा. राक्षसाच्या आवाजात गा. लोक हसतील तरी."

नंतरचे दिवस कठीण गेले. बहीण घरातलं काम जरा जास्तच नीट करायला लागली. भांडी रचून ठेवायची आणि परत काढून पुसायची. बा घागरी विकायला जायचा आणि लवकर परत यायचा. अर्जावर मोबाईल नंबर बाचा दिला होता आणि ते सिम मध्येच बंद पडलं, तेव्हा संदेश आला असला तरी आम्हांला कळणार नव्हतं. मी ई-सेवा केंद्रात दोनदा जाऊन आलो; तिथला माणूस म्हणायचा, अजून तपासणीत आहे. शिकवणाऱ्या बाईंनी त्या रविवारी मला काही शिकवलं नाही. नुसती कॉफी दिली आणि कॉलेजात काय चाललंय ते विचारत राहिल्या. मला त्यांच्याकडे रडू आलं नाही, त्याचं कारण त्यांनी दाखल्याचा विषय काढला नाही.

एवढ्या माणसांनी आमच्यासाठी एवढं केलं, आणि दाखला आला नाही तर त्यांना काय सांगायचं, ही काळजी मला जास्त होती. बहिणीची जागा जाईल ते दुःख आमचं. पण एका गावाने आपला पहिला खेळ देऊन टाकला होता. तो परत करता येणार नव्हता.

महिना संपत आला तेव्हा मी पापनाशमला एका लग्नात वाढपी म्हणून गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी ते काम मी करतो. तिसरी पंगत बसली होती. फोन पिशवीत होता आणि पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला. पंगत उठल्यावर पाहिलं तर अनोळखी नंबरावरून बरेच फोन येऊन गेले होते. हात रसमचे होते. मी मांडवामागे नळापाशी जाऊन परत फोन लावला. वस्तीतल्या दुकानदाराने उचलला आणि माझ्या बहिणीला बोलावून आण, असं कोणाला तरी ओरडून सांगितलं. मग धावत येणाऱ्या पावलांचा आवाज, मग बहिणीचा श्वास.

मी दोनदा हॅलो म्हटलं.

"अण्णा, आलाय," ती म्हणाली. "त्या अम्मांनी शिपायाला सायकलवर पाठवलं होतं सांगायला, फोन लागत नाही म्हणून. मी केंद्रात जाऊन कागद घेऊन आले. नाव बरोबर आहे. जमात बरोबर आहे. सोमवारी हजर व्हायचंय."